करपलेला पाव आणि सहाची पहिली गाडी

ज्या दिवशी सरासरीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी पाव भाजला, त्या दिवशी पहाटे पाच वाजता त्यांच्या इमारतीतली बाराच्या बारा बिऱ्हाडं रस्त्यावर उभी होती आणि त्यांच्यासमोर आगीचा बंब उभा होता. पाव भाजायला बंब कशाला, असं कोणी विचारेल. भाजायला लागत नाही. करपवायला लागतो.

काकांना पाव करपलेलाच लागे. एका अंगाने पार कोळसा, दुसऱ्या अंगाने कोरा. कोळशाच्या बाजूला जॅमचा थर आणि जॅमवर कच्च्या कांद्याच्या तीन चकत्या. दोन पुरत नसत, चार सोसत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नवऱ्याला हे मिटक्या मारत खाताना पाहून काकूंना आपण नेमक्या कोणाच्या घरात येऊन पडलो असं झालं होतं. पण माणूस कशालाही सरावतो. एकतीस वर्षं त्या रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून पाव करपवत आल्या, आणि एकतीस वर्षांत काकांनी एकदाही विचारलं नाही की हा पाव जगात करपूनच जन्माला येतो की त्यामागे कोणाचा हात असतो.

त्या घरात तऱ्हेवाईक एकटे काकाच होते असं म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. काकांच्या सासूबाई, वय वर्षं ब्याऐंशी, सकाळी शिळा भात खात. थंड दुधात कालवलेला, वर मिरपूड. भात आदल्या रात्रीचाच हवा. पहाटे भात करून, पंख्याखाली गार करून, शिळा म्हणून खपवायचा प्रयत्न काकूंनी एकदा केला होता. म्हातारीने पहिल्याच घासाला ओळखलं. "हा भात काल नव्हता," एवढंच म्हणून त्यांनी वाटी सारली. थोरला मुलगा पोहण्याच्या तलावावर बुडणाऱ्यांना वाचवायच्या नोकरीत होता. तो सहा अंड्यांतलं फक्त पांढरं खाई. धाकटी मुलगी रुग्णालयात रात्रपाळीची नर्स. ती सकाळी सातला घरी येई आणि फक्त पिवळं खाई. वरवर पाहता हा देवानेच जमवलेला बेत. पण मुलीची पाळी बदलली की सहा बलक पोरके होत आणि ते कोणाच्या गळ्यात घालायचे याची चिंता काकूंना दिवसभर पुरे.

अशी चार तोंडं, चार तऱ्हा आणि एक काकू. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे काकांना तसं वाटत होतं, आणि अशातच काकूंना नोकरी लागली.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बसस्थानकावर. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगायचं. ही नोकरी लागली कशी, तर एकदा त्या स्थानकाच्या गर्दीत काका हरवले आणि काकूंनी एकच हाक मारली, "अहो." त्या हाकेसरशी अठरा संसारी पुरुष जागच्या जागी थबकले, सुटलेली एक गाडी मागे आली आणि स्थानकप्रमुख हातातला कप तसाच घेऊन खोलीबाहेर धावले. यातलं गाडीचं मागे येणं काही लोक मानत नाहीत. त्यांनी मानू नये. नोकरी लागली, एवढं तरी मानावंच लागेल.

अट एकच होती. पहिले पंधरा दिवस पारखून घ्यायचे. पहिली गाडी सहाला, म्हणून पावणेसहाला माइकपुढे हजर. पंधरा दिवसांत तीन वेळा उशीर झाला की घरचा रस्ता. काकूंना गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं होतं, त्यावर त्यांचा फोटो होता, आणि पहिल्या दिवशी त्या ते गळ्यात घालूनच झोपल्या. काकांनी ते पाहिलं. त्यांनी अनेक गोष्टी एकतीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या, पण ही पाहिली, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं.

पहिले तीन दिवस काकू तीनला उठल्या, चारही न्याहाऱ्या झाकून ठेवल्या आणि वेळेवर पोचल्या. पण तिसऱ्या दिवशी फलाट चारची घोषणा करता करता त्यांना माइकवर जांभई आली. जांभईचा स्वभाव तुम्ही जाणताच. सबंध स्थानकाने जांभई दिली. प्रवाशांनी दिली, हमालांनी दिली, एका चालकाने दिली आणि त्या भरात त्याने चारची गाडी सहावर नेऊन लावली. स्थानकप्रमुख रागावले नाहीत. ते सुद्धा जांभईच देत होते. पण संध्याकाळी त्यांनी काकूंना बोलावून झोप पुरी करत जा म्हणून समज दिली.

त्या रात्री काकांनी जाहीर केलं, "उद्यापासून न्याहारी माझ्याकडे."

काकूंनी हळूच विचारलं, "अहो, आपल्या घरात कांदे कुठे असतात, सांगता का?"

काका म्हणाले, माहिती मिळवता येते. आणि यात फुशारकी नव्हती. काका सांख्यिकी खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. लोक काय खातात, किती खातात, किती वेळा खातात, याची माहिती गोळा करायची आणि तिची सरासरी काढायची, यात त्यांची हयात गेली होती. त्यावरूनच तर त्यांना ते नाव पडलं. शहरातल्या दर घरात चार पूर्णांक तीन माणसं राहतात हे त्यांनीच सिद्ध केलं होतं. ते दशांश तीन माणूस दिसायला कसं असेल, या विचाराने ते पुढे कित्येक वर्षं अस्वस्थ असत. सासूबाई राहायला आल्यावर ती अस्वस्थता गेली असं त्यांचा मुलगा म्हणे, पण ते खोडसाळपणाचं आहे.

तर चौथ्या दिवशी पहाटे काकांनी पाव करपवायला घेतला, तो खिडकी बंद ठेवून, कारण त्यांना थंडी बाधते. काकू खिडकीशी का उभ्या राहत ते त्यांना त्या दिवशी कळलं. चार वर्षांपूर्वी सोसायटीने प्रत्येक स्वयंपाकघराच्या छताला धूर ओळखणारी एक पांढरी डबी बसवली होती. त्या डबीला धूर लागला की जिन्यात भोंगा वाजतो आणि थेट अग्निशमन केंद्रात दिवा लागतो. चार वर्षांत ती एकदाही वाजली नव्हती. सोसायटीच्या सचिवांना तर ती बिघडलेली आहे असं वाटत होतं आणि बसवणाऱ्याला तसं खरमरीत पत्रही गेलं होतं. काकांमुळे निदान ते पत्र मागे घेता आलं.

बंब आला. आगीऐवजी बंबवाल्यांना काळा पाव सापडला. पण नियम असा, की बंब आला म्हणजे सर्व रहिवाशांची शिरगणती झाल्याशिवाय कोणालाही फाटकाबाहेर जाता येत नाही. काकू पिशवी घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या. शिरगणती पाच मिनिटांची. पण गणती हा शब्द काकांच्या कानावर पडला आणि घात झाला. नुसती डोकी मोजून काय कळणार, असं म्हणत त्यांनी ते काम बंबवाल्यांच्या हातातून काढून घेतलं आणि लोकांना वयोगटानुसार रांगा करायला सांगितलं. दोन बायका आपापल्या वयोगटात उभ्या राहायला तयार होईनात. तिसरी तयार झाली, पण भलत्याच गटात. काकू फाटकातून हातवारे करत होत्या आणि काका त्यांना 'पंचावन्न ते साठ'च्या रांगेत यायची खूण करत होते.

काकूंना वीस मिनिटं उशीर झाला. पहिली गाडी घोषणेविना सुटली आणि एका गावाचे तेवीस प्रवासी भलत्याच गावी गेले. त्यातल्या दोघांना ते गाव जास्त आवडल्याने ते अजून तिथेच आहेत असं कळतं.

बंबाचे प्रमुख मात्र भला माणूस. दोन्ही बाजूंना वळलेल्या भरदार मिशा, आवाज पिंपातून आल्यासारखा. जाण्यापूर्वी त्यांनी पुरावा म्हणून जप्त केलेल्या पावाचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "कांदा जाड चिरलाय." एकतीस वर्षांत त्या न्याहारीला मिळालेली ही पहिली बाहेरची दाद. काकांचे डोळे भरून आले. धुरानेही असतील.

सचिवांनी दुपारीच नोटीस बजावली. पाव करपवण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, अर्ज तीन प्रतींत करावा, सोबत करपवण्याचं कारण, कालावधी आणि करपण्याची अपेक्षित पातळी नमूद करावी. काकांना नोटिशीचं वाईट वाटलं नाही. तिच्या भाषेचं कौतुकच वाटलं. पण 'कारण' या रकान्यापाशी ते अडले. आवडतं म्हणून, असं लिहून सरकारी कागद कधी पुढे सरकल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

तेव्हा त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. एका घरात चार न्याहाऱ्या हव्यातच कशाला? सर्वांची आवड मोजायची, सरासरी काढायची आणि एकच पदार्थ करायचा. त्यांनी प्रश्नावली तयार केली. गोड किती, खारट किती, गरम किती, शिळं किती तासांचं. घरोघर फिरलेला माणूस आता आपल्याच घरात पाटी-पेन्सिल घेऊन फिरू लागला. सासूबाईंनी माहिती द्यायला साफ नकार दिला. "जावईबापू, मी काय खाते ते तुम्ही पंधरा वर्षं समोर बसून बघताय," त्या म्हणाल्या, आणि यात दोष काढण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी ते काकूंपाशी आले. तुझी न्याहारी काय, असं विचारताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला उत्तर ठाऊक नाही. काकूंनी जरा आढेवेढे घेतले. मग सांगितलं की सगळे आपापल्या कामाला गेले की साडेदहाला दार लावून त्या एक वाटी आइसक्रीम खातात. रोज. मोठ्या चमच्याने. गेली वीस वर्षं.

काका हादरले. आइसक्रीम कमी होतं याचा आळ घरात नेहमी सासूबाईंवर येई आणि म्हातारीने तो कधी नाकारला नव्हता. "मला माहीत होतं," सासूबाई आतून म्हणाल्या. "लेकीचं आहे, म्हणून गप्प बसले." काकांनी मान खाली घालून रकान्यात नोंद केली. लेकीच्या पाठीशी असं उभं राहणं कशात मोजायचं, याचा काही तक्ता त्यांच्या खात्यात नव्हता.

सातव्या दिवशी सरासरी न्याहारी तयार झाली. तीत पांढरं होतं, पिवळं होतं, भात, दूध, पाव, जॅम, कांदा, मिरपूड आणि आइसक्रीम होतं. तापमान कोमट, रंग राखाडी, चव गोडापासून आणि तिखटापासून सारख्याच अंतरावर. प्रत्येकाच्या आवडीचं काहीतरी त्यात होतं आणि तेच तिच्या मुळावर आलं. मुलाने वाटीत एकदा पाहिलं आणि आज तलावावर लवकर बोलावलंय असं सांगून तो गेला; तलाव त्या दिवशी बंद होता. काकांनी स्वतः तीन चमचे खाल्ले, खात्यावरच्या निष्ठेपोटी. सासूबाई उठल्या, काठी घेतली आणि आतल्या खोलीत गेल्या असं सगळ्यांना वाटलं.

सव्वापाचला काकू निघायच्या वेळी आईचा निरोप घ्यायला आत गेल्या, तर खोली रिकामी.

ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, पहाटेचा अंधार. काकूंच्या हातातली पिशवी गळून पडली. गच्ची पाहिली, रस्ता पाहिला, बागेतले बाक पाहिले. नोकरीचा विचार तेव्हा कोणाच्या मनात येणार? सहा वाजून गेल्यावर तळमजल्यावरच्या हेडसरांचं दार उघडं दिसलं. आत टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या, समोर वाटी, वाटीत दूधभात, आणि निवृत्त हेडमास्तर अदबीने मिरपूड दळत होते.

काकू स्थानकावर पोचल्या तेव्हा पावणेसात झाले होते. उशीर क्रमांक दोन. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि त्याची दोरी नीट गुंडाळून ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. "आता राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिसरा उशीर होऊन त्यांनी घालवण्यापेक्षा मीच सांगते की जमत नाही. घरच्यांना उपाशी ठेवून मला नाही बोलता येणार माइकवर." रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या रागावल्याच नव्हत्या.

काकांनी एवढंच म्हटलं, "एक दिवस थांब." आणि ते सासूबाईंची वाटी परत करायला म्हणून खाली हेडसरांकडे गेले.

हेडसर एकटे राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण हाताला सवय दोन माणसांची. रोज रात्री भात दोघांचा होई आणि सकाळी अर्धा टाकून द्यावा लागे. आज पहिल्यांदा तो भात खाणारं कोणी दारात उभं राहिलं, म्हणून तेच काकांचे आभार मानू लागले. सासूबाई रोज आल्या तर बरं, असं त्यांनी जरा चाचरत सुचवलं. काकांनी वाटी टेबलावर ठेवली.

आणि तिथेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एका घरात चार तऱ्हा असतील, तर बारा घरांत किती असतील? आपल्याला हवं ते कोणाच्या तरी घरी रोज होतच असणार, नाहीतर टाकलं तरी जात असणार. काकांनी पाटी उचलली आणि एकेक दार वाजवायला सुरुवात केली. या वेळी सरासरी काढायची नाही, अशी शपथ घेऊन.

शपथ लगेच फळली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई पहाटे पाचला पोरांसाठी डझनभर अंडी उकडत आणि पोरं सगळी तक्रारखोर. एकाला पांढरं नको, दुसऱ्याला पिवळं. बेकरीत काम करणारा गृहस्थ त्यांच्या समोरच्याच बिऱ्हाडात. भट्टीतला रोजचा पहिला घाणा करपतोच, तो फेकून देतात, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की काकांना त्याचे पाय धरावेसे वाटले. एवढी वर्षं ते ज्यासाठी जगत होते ते दोन जिने खाली राहणाऱ्या माणसाच्या बेकरीत कचऱ्यात जात होतं.

राहिले सचिव. सोसायटीच्या आवारात पदार्थांची ने-आण करायला परवानगी लागेल, आणि तसा नियम नसल्याने परवानगी देताच येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. काका अर्जाच्या तीन प्रती घेऊन गेले, आणि जाताना, घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून, एका भांड्यात सरासरी न्याहारीचं उरलंसुरलं घेऊन गेले. सचिवांनी वास घेतला. बोट बुडवलं. मग चमचा मागितला.

"हे काय आहे?" त्यांनी भांडं संपल्यावर विचारलं. "हे मला रोज मिळेल का?"

ज्या सरासरी माणसाला काका एकतीस वर्षं कागदावर शोधत होते, तो पहिल्या मजल्यावर उजव्या हाताला राहत होता. परवानगी त्याच संध्याकाळी, शिक्क्यासह मिळाली.

आठव्या दिवसापासून त्या इमारतीत जे सुरू झालं ते बघायला पहाटे उठावं लागे. जिन्यावरून वाट्या वर जात, बशा खाली येत. सासूबाई हेडसरांकडे जात आणि जाताना त्यांच्यासाठी फ्लास्कमधून गरम दूध नेत. दोघांची तिथे राजकारणावरून रोज भांडणं होत आणि दोघांची तब्येत सुधारली. शिवणवाल्या बाईंकडून पांढरं-पिवळं वेगवेगळ्या डब्यांत येई. बदल्यात थोरला मुलगा त्यांच्या पोरांना पोहायला नेई. करपलेला पाव वर येई, कांदा काका स्वतः चिरत, आणि बारीक. काकू साडेचारला उठत, केस विंचरत, शांतपणे कपभर चहा घेत आणि सव्वापाचला निघत. सात दिवस सलग वेळेवर. ओळखपत्र पुन्हा गळ्यात आलं. रोज काकू गेल्या की काका जिन्यात उभे राहून वरखाली जाणाऱ्या प्रत्येक वाटीकडे पाहत आणि त्यांना वाटे, आपण या सगळ्यांचं किती देणं लागतो? वजाबाकी करायला गेले तर उत्तर येईना, एवढं.

पंधरावा दिवस उजाडला. तो वेळेवर पार पडला की नोकरी पक्की. ही बातमी बाराही घरांत पोचली होती आणि इथेच माणसांचा चांगुलपणा आडवा आला. काकू सगळ्यांसाठी धावतात, पण स्वतः काही खात नाहीत, असं सर्वांनी परस्पर ठरवलं. सव्वापाचला काकू लिफ्टपाशी आल्या तर दारात हेडसर, शिवणवाल्या बाई, बेकरीवाले आणि खुद्द सचिव, प्रत्येकाच्या हातात झाकलेली बशी, बेकरीवाल्यांच्या हातात तर दोन. निरोप द्यायला म्हणून सगळे काकूंसह लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट चार माणसांची. आत पाच माणसं आणि पाच बिऱ्हाडांचा जिव्हाळा. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधोमध ती एकदा कण्हली आणि थांबली.

काका जिन्याने उतरत होते, कारण काकूंचा चष्मा टेबलावर राहिला होता आणि तो घेऊन ते मागून धावले होते. चष्म्याशिवाय काकूंना वेळापत्रक वाचता येत नसे. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची किल्ली सचिवांकडे. सचिव लिफ्टमध्ये. त्यांनी आतूनच सांगितलं की किल्ली द्यायला हरकत नाही, पण दार उघडल्याशिवाय ती बाहेर देता येणार नाही, आणि किल्लीशिवाय दार उघडणार नाही.

"अहो," लिफ्टमधून काकूंचा आवाज आला. एरवी ज्या आवाजाने गाड्या थांबत, तो अगदी बारीक झाला होता. "किती वाजले?"

काकांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून तेवीस मिनिटं. खोटं सांगावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पण आकडा त्यांच्याने बदलवेना. त्यांनी खरं ते सांगितलं. मग ते घरात गेले, खिडकी लावून घेतली, गॅस पेटवला आणि हाताला लागलेला पहिला पाव थेट ज्वाळेवर धरला.

तेरा मिनिटांत बंब आला. मिशीवाले प्रमुख पायऱ्या चढत आले, धूर हुंगला आणि म्हणाले, "पुन्हा पाव?" काकांनी लिफ्टकडे बोट केलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं; पंधरा दिवस, दोन उशीर, पावणेसहा. खोटा इशारा दिल्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती लिहून घ्या, पण आधी दार उघडा, असं ते म्हणाले. प्रमुखांनी पहार लावली. पाचही माणसं आणि पाचही बशा सुखरूप बाहेर आल्या. घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं. स्थानक चालत वीस मिनिटांवर.

काकू जिन्यावर बसल्या. "झालं," त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी खिशातून नियमांची वही काढली. काकांनी ओळखलं. शिरगणती, आणखी काय. पण प्रमुख वही वाचत काकूंना विचारू लागले, "बाई, नियम आहे की अडकलेल्या माणसाला सोडवून सुरक्षित जागी पोचवलं पाहिजे. तुमच्यासाठी आत्ता सुरक्षित जागा कोणती?"

काकूंनी वर पाहिलं. "माइकसमोरची खुर्ची," त्या म्हणाल्या.

तिथून पुढचा प्रवास बघणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगावा असा होता. लाल बंब, घंटा वाजतेय, पुढे चालकाशेजारी काकू ताठ बसलेल्या, मांडीवर पाच बशा, आणि मागे शिडीला धरून, एका हातात चष्मा जपत, पायजम्यातले सरासरीकाका. वाटेत तीन सिग्नल हिरवे झाले. चौथा लाल होता, तो बंब पाहून लाजला. पाच वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी बंब स्थानकात शिरला. स्थानकप्रमुख आगीच्या भीतीने बादली घेऊन धावत आले, आणि आतून घोषणाबाई उतरताना पाहून त्यांनी बादली खाली ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हजेरीपटावर खूण केली. नोकरी पक्की झाली. बशा त्यांनीच हातात घेऊन आत नेल्या, आणि दोन परत आल्या नाहीत.

काका फलाटावर उभे राहिले. छातीचा भाता अजून चालू होता. चष्मा पोचला होता, काम संपलं होतं, आता घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. सहा वाजले. वर टांगलेल्या कर्ण्यात खरखर झाली आणि सबंध स्थानकभर काकूंचा आवाज पसरला, स्वच्छ, खणखणीत, जांभईचा लवलेश नसलेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. पहिली गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. फलाट क्रमांक दोनवर पायजम्यात उभे असलेले गृहस्थ, आपण गाडीच्या वाटेत आहात. कृपया दोन पावलं मागे व्हावे."

काका दोन पावलं मागे झाले. कर्णा बंद झाला नाही. काही क्षण नुसती खरखर ऐकू येत राहिली.

"आणि त्यांचे," आवाज म्हणाला, "मनापासून आभार."

आता घरातल्या माणसांनी एकमेकांचे आभार मानायचे नसतात; मानले तर कोणी रुसलंय की काय असं वाटतं. एकतीस वर्षांत त्या दोघांत तो शब्द कधी आला नव्हता, आणि आला तो असा, चारशे माणसांसमोर, सरकारी कर्ण्यातून. गाडी आली, भरली, निघून गेली. तिने मागे सोडलेल्या धुरात काका उभे होते. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, त्या पाच बशांबद्दल, खिडकीबद्दल, वीस वर्षांच्या साडेदहाबद्दल. तोंडातून एवढंच निघालं, "अगं, आभार तर मी मानायला हवेत."

बाकावर गाठोडं घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर कर्ण्याकडे पाहिलं.

"मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. "इथून तिला काय ऐकू येणार?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पायजमा सावरला, घसा साफ केला आणि मोठ्याने बोलले.